बोल्ट थोडा हलतोच

१ ऑक्टो., बुधवार. खंडेनवमी.

सकाळच्या एसटीने भोरहून नसरापूर, तिथून वेल्ह्याच्या गाडीने विंझर. दरसालचा दिवस. सोपान आणि नामदेव, सख्खे चुलतभाऊ. दोघांच्या घरात एक भिंत, शेतात एक बांध. भिंतीवरून कधी भांडले नाहीत, बांधावरून वर्षभर बोलणं बंद. पण खंडेनवमीला दोघांच्या रायफली सोपानच्या घरी एकाच पाटावर पुजायच्या हा त्यांच्या बापांनी घालून दिलेला नेम, आणि पूजेआधी त्या साफ करायचं काम माझं. फौजेतून आर्मरर हवालदार म्हणून आलो त्याच वर्षी सोपानच्या वडलांनी, आबांनी, निरोप धाडला होता. "बावीस वर्सं सरकारची हत्यारं नीट केलीस, आमची दोन जड हायत व्हय रज्जाक?" तेव्हापासून चुकलो नाही.

दोन्ही रायफली तीनशेपंधरा बोअरच्या, पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या, एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेल्या. शेजारी ठेवल्या तर मालकही फसेल. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून नळी बंद करणारे दांडे, काढले, नळ्या पुसल्या. रायफली पाटावर, बोल्ट पितळी ताटात, वर झेंडू आणि मूठ मूठ हळदकुंकू. तेलावर कुंकू पडलं की त्याचा चिखल होतो हे दरवर्षी सांगतो. दरवर्षी मूठ मोठीच.

जेवायला पुरणपोळी. सोपान म्हणाला, "बांध यंदा दोन हात सरकलाय." नामदेव दुसऱ्या पोळीवरून उठला. अंगणात तोंडं सुरू. मी आत एकटा. आरडाओरडा ऐकत ऐकत ताटातले दोन्ही बोल्ट पुसले, चढवले, रायफली भिंतीला टेकवल्या आणि भांडण सोडवायला बाहेर. नामदेव रायफल न घेताच गेला. म्हणालो, अरे वर्षातला एक दिवस तरी... पालथ्या घड्यावर पाणी.

घरी बायको जैतून म्हणे, "नखात कुंकू तसंच घेऊन नमाजाला जाताय का?" घासलं. थोडं राहिलंच.

४ ऑक्टो., शनि.

दुकानात शिलाई मशिनी दोन, एक कुलूप. कुलपाची किल्ली हरवली म्हणून आलेला माणूस, किल्ली त्याच्याच सदऱ्याच्या खिशात. काखेत कळसा. तरी चहा पिऊन गेला वर.

गुडघा ठणकतोय.

३० ऑक्टो., गुरु.

नामदेवचा फोन. "हवालदार, बोल्ट बंद व्हताना लई जड जातोय. दाबून दाबून बसतोय." म्हणालो, कुंकवाचा चिखल वाळला असेल, रॉकेलच्या फडक्याने पूस. "बरं बरं. नवा इंद्रायणी झोडपला की पाठीवतो."

यंदा तांदूळ चांगला झालाय म्हणतात तिकडे.

१७ नोव्हें., सोम.

सोपान दुकानात. परवान्याच्या कामाला भोरला आला होता, खोळीत रायफल. "हवालदार, बगा की. बोल्ट हालतोय. आदी असा हालत नव्हता."

पाहिलं. उघडा असताना डावीउजवी लटपट. ती असतेच. मागे ओढलेला बोल्ट हलला नाही तर तो अडकेल. बंद केला, तरी किंचित हलला. हेही या बनावटीत असतं. म्हणालो, "असतं रे तेवढं. बैलगाडीचं चाक आसावर हलतं, म्हणून गाडी मोडते का?"

हसला. "तुमी म्हणताय म्हंजे झालं."

"वाजवून पाहिलीस?"

"न्हाई. हरभरा वर आला की डुकरं येणारच, तवा वाजवायचीच हाय."

तेवढ्यात मिक्सर घेऊन एक बाई आली. सोपानला कटिंग पाजून लावून दिलं. बांधाचा विषय काढला नाही, त्यानेही नाही. बरं वाटलं.

८ डिसें., सोम.

सोपानच्या बायकोचा, मंगलचा फोन. आधी नुसतं रडणं. मग कळलं.

सकाळी सातला हरभऱ्यात डुकरं. सोपानने हवेत बार काढला. पहिलाच. बार पुढं गेला आणि मागंही आला. काडतुसाची पुंगळी बुडाशी फाटली, आग आणि पितळेचे तुकडे तोंडावर. उजवा डोळा. पुण्याला नेलाय.

मंगल म्हणत होती, "ते तुमचंच नाव घेत्यात वो. हवालदार म्हणलं होतं काय न्हाई, हवालदार म्हणलं होतं..."

दुकान बंद केलं.

९ डिसें.

पुणे. भेटू दिलं नाही. बाकावर तीन तास. डॉक्टर मंगलला म्हणाले, डोळा वाचणार नाही, दुसऱ्याला धोका नको म्हणून काढावा लागेल. तिने अंगठा केला. सही येते तिला, चांगली येते. हात उचलला नाही म्हणून अंगठा.

मला म्हणाली, "तुमी जेवला का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० डिसें.

झोप नाही. आत्ता सकाळी चहा पिताना एकदम लख्ख. नामदेवचा जड बसतो. सोपानचा हलतो. दोन जुळ्या रायफली, एक घट्ट, एक ढिली, तीन आठवड्यांच्या अंतराने दोन्ही तक्रारी माझ्याकडेच.

फौजेत नव्या पोरालाही पहिल्या दिवशी शिकवतात, एका वेळी एकच हत्यार उघड. बोल्ट ज्याचा त्यालाच. वर्षानुवर्षं तो आपल्याच रायफलीत घासून बसलेला असतो. दुसऱ्याचा घातला तर बंद होईलही, पण काडतुसाच्या बुडामागे फट राहील. फट डोळ्याला दिसत नाही, हाताला कळत नाही, मोजायला गेज घालावा लागतो. माझ्याकडे गेज नाही. पण रायफलीचा नंबर बोल्टवरही असतो. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी, मुंगीएवढा. तो बघायला गेज लागत नाही, चष्मा लागतो.

त्या दिवशी सोपानचा बोल्ट हातात होता. नंबरात कुंकू वाळलेलं दिसलं होतं. नखाने खरवडावं असं मनात आलंही होतं. मग ती मिक्सरवाली.

नाही, तिचं नाव कशाला घेऊ. मीच.

१२ डिसें., शुक्र.

ठाण्यातून बोलावणं. जमादार भला माणूस, खुर्ची दिली. म्हणाला, इकडं हत्यारातलं कळणारे तुम्हीच, पुण्याच्या तज्ज्ञांचा अहवाल यायचा तेव्हा येईल. दोन्ही रायफली टेबलावर. त्यांनी टूथब्रश घेऊन कुंकू काढलंय. नंबर स्वच्छ. सोपानच्या रायफलीत नामदेवचा, नामदेवच्यात सोपानचा.

"कुणीतरी मुद्दाम बदललेत," जमादार म्हणाला. "फिर्यादीचं, म्हणजे सोपानचं म्हणणं, नामदेवने. पूजेनंतर दोन्ही रायफली दुपारभर सोपानच्याच घरात होत्या, नामदेव संध्याकाळी येऊन आपली घेऊन गेला. बांधाचं वैर जुनं आहे."

मी विचारलं, नामदेव काय म्हणतो?

"तो म्हणतो मला काही माहीत नाही. एवढंच म्हणतो की हवालदारांनी चढवले तेव्हा बरोबरच असणार, त्यांच्या हातून अशी चूक व्हायची नाही."

 जमादार म्हणाला, पाणी घ्या, आणि तुमचा जबाब सवडीने घेऊ, घाई नाही. मी पाणी प्यालो आणि परत आलो. बस, एवढंच केलं.

१३ डिसें.

वही उघडून एक ऑक्टोबरचं पान वाचलं. "दोन्ही बोल्ट पुसले, चढवले." माझंच अक्षर. पान फाडावं असं वाटलं. फाडलं नाही. सचोटी वगैरे काही नाही, जैतून समोर गहू निवडत बसली होती म्हणून.

१५ डिसें., सोम.

नामदेवला रोज ठाण्यात बसवून ठेवतात. सकाळी दहा ते पाच. त्याच्या भाताची मळणी अर्धी पडलीय. मुलीचं बघायला येणारे पाहुणे आलेच नाहीत. अटक होईल म्हणतात.

मार्गासनीच्या फाट्यावर भेटला. दाढी वाढलेली. मी काही बोलायच्या आत तोच, "हवालदार, सोपानचा डोळा कसा हाय? दवाखान्यात मला थांबू बी देईनात. मंगलनं हाकलून दिलं." मग थांबून, "म्या भांडतो, शिव्या देतो, पन असलं..."

माहीत आहे, म्हणालो.

"तुमी जबाबात सांगा की, नामदेव असा न्हाई. तुमचा शब्द पडायचा न्हाई."

एसटी आली. मी चढलो. खिडकीतून त्याच्याकडे बघवलं नाही.

१६ डिसें.

जैतूनला सांगितलं सगळं. तिने ऐकून घेतलं. मग विचारते, "दुरुस्तीचा परवाना नसताना तुमी हात लावला, त्याचं काय?" म्हटलं, तेही आहेच. दुरुस्ती म्हणून धरलं तर गुन्हा, हयगय म्हणून धरलं तर वेगळा गुन्हा. सोपानचा डोळा दोन्हीकडे आहेच.

"मग काय करायचं?"

"तू सांग."

"माझं ऐकू नका. माझं ऐकलं तर मी गप बसा म्हणीन."

आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरात वाजली.

१८ डिसें.

चांगला कारागीर म्हणून नाव कमावायला जन्म जातो. ते नाव आता दुसऱ्याच्या गळ्यात फास झालंय. मी ढिसाळ म्हणून प्रसिद्ध असतो तर जमादाराने पहिल्याच दिवशी मलाच विचारलं असतं, हे काम तुझं ना? आणि मी हो म्हणून मोकळा झालो असतो. कदाचित. कोण जाणे.

सुरुवातीची चार वर्षं मी एका बोल्टला ओळखीसाठी दोरा बांधायचो. मग सोडलं. मला कशाला दोरा? मला तर स्पर्शाने कळतं. असा माज.

दुकानात गिऱ्हाईक आलं, स्टोव्हचा पंप ढिला आहे म्हणाला. तीन वेळा उघडून बसवला. "काका, किती तपासताय?" मी ओरडलो त्याच्यावर.

२३ डिसें., मंगळ.

सोपान घरी आलाय. गेलो.

ओसरीत खाटेवर, अर्ध्या तोंडाला पट्टी. मंगल चहा ठेवून आत गेली. मी खाली घोंगडीवर बसलो, खुर्ची दिली तरी. चार दिवस जुळवलेलं सगळं विसरलो. नुसतं म्हणालो, "सोपान, बोल्ट मी अदलाबदल केले. नवमीला. घाईत. आणि तू दाखवायला आणलास तेव्हा नंबर बघितला नाही."

वाटलं शिवी देईल. तांब्या मारील. मारावा असं वाटत होतं.

तो म्हणाला, "म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"दवाखान्यात पडल्या पडल्या दुसरं काम काय व्हतं? इचार केला. ताटाला तुमच्याबिगर कुनी हात लावला न्हाई. नामदेव संध्याकाळी आला, दारातनंच रायफल घेतली न् गेला. म्या बगितलं व्हतं."

"मग नामदेववरची तक्रार?"

त्याने पट्टी चाचपली. मग एका डोळ्याने माझ्याकडे बघत, हळू आवाजात, "माजा डोळा तर गेला. त्याचं मला काय मिळालं? तुमाला आत टाकून काय मिळंल? नामदेव आत गेला तर बांध तरी सुटंल. आबांच्या येळंपास्नं दाबलाय त्येनी."

"त्याची पोरगी लग्नाची आहे, सोपान."

"माजी मंगल हाय की. एका डोळ्याच्या नवऱ्याची."

उठलो. तो म्हणाला, "हवालदार, तुमाला म्या माफ केलंय. मनापास्नं. आबांची शपत. फकस्त तोंड उघडू नका. उघडलं तर माफी बी न्हाई, आन् मग म्या बी सांगीन, पैल्यापास्नं म्हाईत असून गप बसला म्हणून."

माफी मागायला गेलो होतो. मिळाली. खिशात निखारा घातल्यासारखी घेऊन आलो.

२४ डिसें.

काही नाही. ताप.

२८ डिसें., रवि.

तीन दिवस हिशेब करतोय कोण किती वाईट. सोपान वाईट? त्याचा डोळा माझ्या हातून गेला, त्याला वाईट म्हणायचा हक्क मला नाही. नामदेवने बांध दाबला असेलही, मला वाटतं दाबलाच आहे. म्हणून त्याने तुरुंगात जायचं? आणि मी? मी फक्त गप बसलोय. काहीच न करणं इतकं सोपं असतं हे साठाव्या वर्षी कळलं.

२ जाने., शुक्र.

जमादाराचा फोन. सोमवारी अकराला जबाब. "दोनच मुद्दे, हवालदारसाहेब. एक, बोल्टात किंचित ढिलेपण असणं सर्वसाधारण आहे का. दोन, पूजेच्या दिवशी तुम्ही बोल्ट चढवले तेव्हा नंबर तपासले होते का. हो म्हणालात की आमचं काम झालं."

पहिल्याचं उत्तर हो. शंभर वेळा हो. कुठल्याही आर्मररला विचारा, बोल्ट थोडा हलतोच. मी सोपानला सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खरं सांगून माणसाचा डोळा घालवता येतो.

दुसऱ्याचंही उत्तर एकाच अक्षराचं आहे. 'हो' म्हटलं की नामदेव आत.

जैतूनला म्हणालो. तिने माझा पांढरा सदरा धुवायला काढला. 

४ जाने., रवि.

सोपानचा निरोप, मंगलच्या फोनवरून. "हवालदारांना म्हणावं उद्या जपून." मंगलला माहीत आहे की नाही ते आवाजावरून कळलं नाही. तिने विचारलं, "तब्येत बरी हाय ना तुमची?" हो म्हणालो. बघा, किती सहज येतं.

ठरवलंय. आधी नामदेवला सांगणार, मग जमादाराला. ज्याच्या मानेवर आहे त्याला पहिल्यांदा कळलं पाहिजे. जमादारासमोर जीभ अडखळली तर निदान नामदेव शेजारी असेल, तो बोलेल.

५ जाने., सोम. स. साडेनऊ.

नामदेव मोटरसायकल घेऊन आला, मला न्यायला. तांदळाचं पोतं मागे बांधलेलं. "नवा इंद्रायणी. म्हणलं व्हतं ना." नको म्हणालो. उतरवून आत ठेवलंच त्याने.

बसवलं. दार लावलं. जैतून चुलीपाशी उभी, पाठमोरी.

सांगितलं. एका दमात. ताट, घाई, कुंकू, नंबर, त्याचा जड बसणारा बोल्ट, सोपानचा हलणारा, सगळं. म्हणालो, "नामदेव, हे मी केलंय. तू नाही, कुणी नाही. मी."

तो ऐकत होता. डोळे भरून आले त्याचे. मला वाटलं आता.

मग तो उठला आणि माझ्या पायाशी वाकला. "हवालदार, इतकं करू नका माज्यासाटी. मला सोडवायला तुमी सोताच्या अंगावर घेताय. मला कळत न्हाई व्हय? तुमच्या हातनं असली चूक व्हईल? आबा म्हणायचे, रज्जाकचा हात म्हंजे..." 

मी म्हणालो, अरे खरंच. तो मान हलवत राहिला. "न्हाई न्हाई. असं खोटं लावून घिऊ नका. जमादाराला फकस्त एवढंच सांगा, नामदेव तसला न्हाई. बास."

आणि मला हलकं वाटलं. लिहायची लाज वाटते, पण वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरलं, एका क्षणासाठी का होईना.

तो बाहेर गाडी फिरवतोय. जैतून सदरा घेऊन उभी आहे, माझ्याकडे बघतेय. अकराला पोचायचंय. 'सांगितलंस की एकदा, आता पुरे,' असं आतून कोणीतरी मला सारखं म्हणतंय.